दर चौथ्या चौकटीचा झटका

डाव्या मशीनचा आवाज बदलला तेव्हा मी उजव्या मशीनवर पुढचं रीळ लावत होते. थिएटरमधलं 35 मिलिमीटर फिल्मचं प्रोजेक्टर मशीन नीट चालत असलं की त्याची एकसारखी टकटक कानात इतकी मुरते की ती ऐकू येईनाशी होते. त्या दिवशी ती जड झाली आणि पाठोपाठ करकर सुरू झाली. हातातलं रीळ तसंच टेकवून मी धावले आणि स्विच बंद केला. मध्ये पाचेक सेकंद गेले असतील.

पाच सेकंद थोडे वाटतात. पण सेकंदाला 24 चौकटी आणि प्रत्येक चौकट 19 मिलिमीटरची, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 46 सेंटीमीटर फिल्म गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीपुढून, खाली येते. खालचं टेक-अप, म्हणजे चाललेली फिल्म गुंडाळून घेणारं रीळ, थांबलं होतं. आलेल्या फिल्मला पुढे जायला वाट नव्हती, त्यामुळे गेटखालच्या इंटरमिटंट स्प्रॉकेटला (फिल्म झटक्याझटक्याने ओढणाऱ्या दातेरी चाकाला) ती चिकटली आणि त्याच्याभोवती गुंडाळत गेली. सव्वादोन मीटर फिल्म 24 मिलिमीटर व्यासाच्या चाकावर. दार उघडलं तेव्हा स्प्रॉकेट दिसतच नव्हतं. तिथे एक काळा, तुकतुकीत, घट्ट गोळा होता आणि त्याने फिल्म स्प्रॉकेटवर धरून ठेवणाऱ्या शेजारच्या शूला बाहेर ढकललं होतं.

जुनी ॲसिटेट फिल्म असती तर ती पहिल्या सेकंदातच तुटली असती. खेळ थांबला असता, जोड लावला असता, काम संपलं असतं. 1990च्या दशकापासून प्रिंट पॉलिएस्टरवर येऊ लागल्या आणि पॉलिएस्टर हाताने ओढून तुटत नाही. प्रिंट टिकायच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. मात्र अडकली की ती तुटत नाही, मशीनचा कुठलातरी भाग वाकतो किंवा फुटतो. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते काका नेहमी सांगायचे, "फिल्म आणि मशीन यांच्यात एक तरी कमजोर असावं लागतं. पूर्वी फिल्म असायची." वाक्य मला पाठ होतं. अर्थ त्या गोळ्याकडे बघताना कळला.

गोळा सोडवायला अर्धा तास लागला. दात्यांजवळ पोलादी पातं न्यायचं नाही, म्हणून एक एक वेढा चिमट्याने सैल करून कात्रीने कापला. त्या दिवशीचा बाकीचा खेळ एकट्या उजव्या मशीनवर, दर रिळामागे थांबत थांबत पूर्ण केला. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटं चालतं, त्यामुळे दर 22 मिनिटांनी दिवे लावायचे, रीळ बदलायचं, पुन्हा दिवे घालवायचे. लोक बसून राहिले, याचं मला अजून बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी डाव्या मशीनवर एक टाकाऊ ट्रेलर चढवला. फिल्म सरळ चालली, आवाज ठीक होता, पण पडद्यावर चित्र थरथरत होतं, वर-खाली, भराभर. अक्षरं वाचता येत होती, पण दोन मिनिटांत डोळे दुखायला लागले.

माझा पहिला संशय गेटवर गेला. चित्र हललं की गेट, हे अगदी सुरुवातीला शिकलेलं असतं. गेटमधल्या पट्ट्या फिल्मला हलका दाब देऊन धरतात. दाब कमी पडला तर स्प्रॉकेट थांबल्यावरही फिल्म वेगाच्या भरात किंचित पुढे सरकते. मी पट्ट्या काढल्या. एका पट्टीवर इमल्शनचा (फिल्मवरच्या चित्राच्या लेपाचा) थर दगडासारखा बसला होता. तो ओल्या फडक्याने भिजवून बांबूच्या काडीने खरवडला (स्टीलने खरवडलं तर पट्टीवर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा पुढे प्रत्येक प्रिंटवर उमटतो). स्प्रिंगा तपासल्या, एक बदलली. पुन्हा फिल्म लावली. थरथर जशीच्या तशी. मग दाब वाढवला. थरथर तेवढीच राहिली आणि फिल्मच्या छिद्रांपाशी चिरका आवाज येऊ लागला. जास्त दाबाने चित्र स्थिर होत नाही, छिद्रांचे कोपरे फाटायला लागतात. दाब पुन्हा होता तिथे आणला. अख्खी दुपार यात गेली.

संध्याकाळी काका आले. आता ते जिना सावकाश चढतात. मशीनला हात न लावता ते पडद्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, आधी चौकटीची कड बघ. कड हलतेय की आतलं चित्र?"

गेटमधली खिडकी मशीनला घट्ट बसवलेली असते. तिची कड पडद्यावर हलत असेल तर अख्खं मशीन किंवा लेन्स हलतंय. कड स्थिर आणि आतलं चित्र हलत असेल तर फिल्म दर वेळी त्याच जागी थांबत नाहीये. आमची कड दगडासारखी स्थिर होती.

"आता मोज. कितव्या चौकटीला परत त्याच जागी येतं?"

नुसत्या डोळ्यांनी ते मोजता येत नाही. मी मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रं टिपणारं स्लो मोशन लावलं. त्यात दर दहा चित्रांमागे फिल्मची एक चौकट येते. पडद्याच्या खालच्या कडेला कागदी पट्टी चिकटवून, फ्रेमिंगचा नॉब फिरवून दोन चौकटींमधली काळी रेघ तिच्याजवळ आणली आणि नंतर चित्रं एकेक करून पुढे सरकवली. रेघ मधोमध, मग वर, मग मधोमध, मग खाली. पुन्हा मधोमध, वर, मधोमध, खाली. दर चौथ्या चौकटीला तोच क्रम.

हे चार कुठून आलं ते समजलं की अर्धी दुरुस्ती झाली, असं मला आता वाटतं. फिल्म सतत सरकत राहिली तर पडद्यावर नुसती धूसर रेघोटी दिसेल. ती एका चौकटीवर थांबावी लागते, मग झटकन पुढे जाऊन पुन्हा थांबावी लागते, सेकंदाला 24 वेळा. हे काम माल्टीज क्रॉस करतो. बर्लिनमध्ये ओस्कर मेस्टरने 1896 साली आपल्या प्रोजेक्टरमध्ये तो वापरला आणि डिजिटल येईपर्यंत बहुतेक सगळ्या थिएटरांतल्या मशीनांत तोच राहिला. सतत फिरणाऱ्या चकतीवर एक खुंटी असते. चकतीच्या एका फेरीत ती क्रॉसच्या एका खाचेत शिरते, त्याला पाव फेरी फिरवते आणि बाहेर पडते. उरलेली पाऊण फेरी क्रॉस चकतीच्या कडेला अडकून जागच्या जागी उभा. क्रॉसच्या शाफ्टवर 16 दात्यांचं स्प्रॉकेट बसवलेलं असतं. पाव फेरी म्हणजे चार दाते, चार दाते म्हणजे चार छिद्रं, चार छिद्रं म्हणजे एक चौकट. क्रॉसची पूर्ण फेरी व्हायला चार चौकटी लागतात. दोष दर चौथ्या चौकटीला परत येत असेल तर तो क्रॉसबरोबर फिरणाऱ्या गोष्टीतच आहे: क्रॉस, त्याचा शाफ्ट, नाहीतर स्प्रॉकेट. सैल गेटचा झटका असा ठेक्यात येत नाही, तो कधीही येतो.

डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावला. स्प्रॉकेटच्या कडेवर टोक टेकवून मशीन हाताने फिरवलं तर काटा 0.06 मिलिमीटर हलला. तेच टोक शाफ्टवर, बेअरिंगला लागून ठेवलं तर काटा जेमतेम थरथरला. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला पुन्हा 0.06. म्हणजे स्प्रॉकेट गोलच होतं, शाफ्ट वाकला होता. फिल्मच्या गोळ्याने शूला जितकं ढकललं तितकंच शाफ्टला उलट दिशेने ढकललं होतं. 0.06 मिलिमीटर म्हणजे केसापेक्षा बहुधा कमीच. पण गेटमधल्या चौकटीची उंची साधारण 15 मिलिमीटर आणि आमचा पडदा 4 मीटर उंच. तिथे पोचेपर्यंत ते अडीचशे पटींहून जास्त मोठं होतं. पडद्यावर दीड सेंटीमीटर.

शाफ्ट सरळ करता येईल का, असं मी विचारलं. काकांनी मान हलवली. कडक केलेल्या पोलादाचा शाफ्ट ठोकून सरळ केला तरी तो पुन्हा आपल्या वळणावर जातो किंवा आत बारीक तडा धरतो, आणि सेकंदाला 24 झटके खाणाऱ्या भागात तडा ठेवायचा नसतो.

2010 नंतरच्या काही वर्षांत बहुतेक थिएटरं डिजिटलवर गेली आणि ही मशीनं भंगारात निघाली. त्या वेळी याच बनावटीचं एक मशीन आम्ही सुट्या भागांसाठी ठेवून घेतलं होतं. त्यातलं अख्खं इंटरमिटंट युनिट (क्रॉस, चकती आणि स्प्रॉकेट एकत्र असलेला भाग) काढून चार स्क्रूंवर डाव्या मशीनला बसवणं सगळ्यात सोपं होतं, आणि मला तेच करायचं होतं. पण ते उघडून बघितलं तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो ती नळकांडी) झिजलेले होते आणि स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वळले होते. दात्यावरून नख खाली ओढलं की अडकत होतं. असा दाता छिद्रातून सुटताना फिल्म उचलून धरतो आणि छिद्राची कड कुरतडतो. क्रॉस आणि चकती मात्र सुरेख होती. खाचांच्या कडा चमकत होत्या, खुंटी गोल होती, कुठेही चपटी झालेली नव्हती. त्यामुळे आमच्या युनिटचं कवच आणि बुश ठेवायचे, जुन्या मशीनचा क्रॉस शाफ्टसकट घ्यायचा आणि त्याच्याच जोडीची चकती घ्यायची, असं ठरलं. क्रॉस एकाचा आणि चकती दुसऱ्याची असं जमत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांवर झिजून त्यांची जोडी झालेली असते. स्प्रॉकेट नवं होतं, कपाटात तेलकट कागदात जपून ठेवलेलं. त्या एका भागासाठी किती वर्षं कपाटाची किल्ली सांभाळली होती!

युनिटमधलं तेल काढलं तेव्हा ते राखाडी निघालं. बोटांत चोळून दिव्याखाली धरलं तर त्यात चांदीसारखा कण चमकत होता. झाकण उघडण्याआधी सगळीकडून फोटो काढले, गिअरच्या दात्यांवर रंगाच्या खुणा केल्या.

आमच्या युनिटचं जुनं स्प्रॉकेट वाकलेल्या शाफ्टवरून काढणं हा मला सगळ्यात जास्त भीती वाटणारा भाग होता. ते टेपर पिनने धरलेलं असतं. ही पिन एका टोकाला किंचित बारीक असते, 50 मिलिमीटरला 1 मिलिमीटर एवढा उतार. बारा मिलिमीटरच्या पिनला दोन टोकांत फरक पाव मिलिमीटरचा. घासून सपाट केलेली टोकं डोळ्यांना सारखीच दिसतात. चुकीच्या बाजूने ठोकलं तर पिन सुटायच्या ऐवजी जास्त घट्ट बसते. मी भिंग लावून दोन्ही टोकं मोजली, बारीक टोकावर खडूची खूण केली, स्प्रॉकेटचा हब (मधला जाड भाग) व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, टेकवला आणि मगच हातोडी उचलली. हबला खालून आधार नसेल तर प्रत्येक ठोका शाफ्टवर जातो. हा शाफ्ट वाकलेलाच होता, तरी मी आधार दिला, कारण हाताला तीच सवय हवी. तिसऱ्या ठोक्याला पिन हलली.

नव्या स्प्रॉकेटच्या हबला छिद्र होतं, पण मुद्दाम लहान ठेवलेलं. स्प्रॉकेट जुन्या मशीनच्या शाफ्टवर चढवून, दोन्ही छिद्रं एका रेषेत आणून, टेपर रीमर (छिद्र उतरतं कोरणारं हत्यार) हाताने फिरवत एकत्रच मोठं करायचं असतं. तेलाचा थेंब, अर्धी फेरी, रीमर बाहेर, कीस पुसायचा, पिन घालून बघायची, पुन्हा. पिन अंगठ्याच्या दाबाने जवळजवळ पूर्ण आत गेली आणि शेवटचं थोडं राहिलं की थांबायचं. ते शेवटचं थोडं हलक्या ठोक्याने बसतं आणि तीच खरी पकड. एक फेरी जास्त झाली तर पिन सैल, आणि आमच्याकडे दुसरं स्प्रॉकेट नव्हतं. एवढ्याशा छिद्राला पाऊण तास लागला. पुन्हा गेज लावला: काटा आता 0.01च्या आतच डोलत होता.

त्यानंतर क्रॉस आणि चकतीमधलं अंतर. त्यासाठी एका बुशचं छिद्र मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला ठेवलेलं असतं. तो बुश फिरवला की क्रॉस चकतीच्या जवळ किंवा लांब जातो. फार जवळ असेल तर मशीन गुणगुणायला लागतं आणि गरम होऊन घासतं. लांब असेल तर क्रॉस थांबल्यावरही डुलतो आणि चित्र पुन्हा उडतं. याचा आकडा मला कोणी दिला नाही, बोटांनी दिला. क्रॉस लॉक असताना स्प्रॉकेट दोन बोटांत धरून मागे-पुढे हलवायचं. प्ले (मोकळी हालचाल) आहे असं जेमतेम जाणवावं, पण डोळ्यांना दिसू नये. हे चारही खाचांवर तपासायचं, कारण चारही सारख्या नसतात. जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे तो जेमतेमपणा ठेवायचा. माझं बोट ठरवेना म्हणून काकांनी हात पुढे केला, हलवून बघितलं आणि म्हणाले, "केसभर मोकळं कर. तापल्यावर आवळेल." मी बुश इतका कमी फिरवला की फिरला की नाही याचीच शंका आली. त्यांना कळलं होतं.

कागदाचं गॅस्केट कापून लावलं, तेल काचेवरच्या खुणेपर्यंत भरलं, आधी हाताने पन्नासेक फेऱ्या दिल्या. मग फिल्मशिवाय अर्धा तास मोटरवर. लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक कवचाला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसले. खुंटी खाचेत नीट शिरत असेल तर ठोका ऐकू येत नाही, मऊ घरघर येते. कवच कोमट झालं, त्यापुढे तापलं नाही.

चकती बदलल्यामुळे शटरची वेळ नव्याने लावावी लागली. फिल्म सरकत असताना शटरच्या पात्याने प्रकाश अडवलेला असायला हवा, एवढंच त्याचं काम. खुंटी खाचेत पूर्ण आत, क्रॉस अर्ध्या वाटेवर, अशा जागी मशीन हाताने आणलं आणि पात्याचा मध्य लेन्ससमोर धरून स्क्रू आवळला. खरी परीक्षा पडद्यावर असते. काळ्यावर पांढरी अक्षरं असलेली नामावली लावली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर दुधासारखी फिकट शेपटी निघत होती. गेटमध्ये फिल्म खाली सरकते, पण लेन्समधून चित्र उलटं होऊन पडतं, त्यामुळे पडद्यावर ते वर सरकतं. शेपटी वर असेल तर फिल्म निघाली तरी पातं पोचलेलं नाही, शटर उशिरा बंद होतंय. शेपटी खाली असती तर ते लवकर उघडतंय. पातं थोडं पुढे घेतलं, शेपटी आखूड झाली. अजून थोडं, ती गेली. अक्षरांच्या कडा काळ्यावर कोरल्यासारख्या दिसायला लागल्या. तो क्षण मला फार आवडतो, आणि कोणी प्रेक्षक तो कधी बघत नाही.

चांगली प्रिंट लावायच्या आधी टाकाऊ फिल्मचा तुकडा चार वेळा चालवला आणि दर वेळी भिंगाखाली छिद्रं बघितली. कोपरे शाबूत होते. स्प्रॉकेटवरच्या रोलरची फट फिल्मचे दोन तुकडे एकावर एक ठेवून बसवली. त्या फटीला याहून चांगला गेज नाही. मोबाइलने पुन्हा तीच मोजणी केली. वर-खाली झटका गेला होता. बाजूची किंचित डुलकी राहिली होती, ती गेटमधल्या कडेच्या रोलरची स्प्रिंग बदलल्यावर गेली.

टेक-अप का थांबलं, हे शोधल्याशिवाय मशीन परत खेळाला लावायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. टेक-अपच्या क्लचमध्ये चामड्याची चकती असते, तिच्या घर्षणावर रीळ फिरतं. वरच्या गिअरच्या बाजूने तेल झिरपत झिरपत तिच्यावर आलं होतं आणि ती गुळगुळीत होऊन घसरत होती. कधीपासून, सांगता येत नाही. आधीचे कित्येक खेळ ती घसरत घसरतच चालली असणार आणि रीळ सैल गुंडाळलं जातंय हे मी बघितलं होतं. बघून पुढे गेले होते. नवं चामडं कापून लावलं, तेलाची सील बदलली. शेवटच्या स्प्रॉकेटखाली एक हलका रोलर आणि त्याला मायक्रोस्विच बसवला. टेक-अप थांबून फिल्मचा ताण गेला की रोलर खाली पडतो, मोटर बंद होते आणि लॅम्पसमोरची झडप पडते. बसवल्यावर चालत्या मशीनचं खालचं रीळ मी हाताने धरून ठेवलं. अर्ध्या सेकंदाच्या आत सगळं थांबलं. स्प्रॉकेटवर एकही वेढा नव्हता.

आता वाकलेला शाफ्ट कपाटात आहे, चिठ्ठी बांधून: कुठल्या मशीनचा, कधी वाकला, किती वाकला. केबिनच्या वहीत एक नवा रकाना केला आहे, दर खेळानंतर खालचं रीळ घट्ट आहे की सैल ते लिहायचं. उजव्या मशीनचा फायबरचा गिअर गेल्या आठवड्यात उघडून बघितला. तीन दात्यांवर झीज दिसतेय. सुट्या भागांच्या मशीनमधला तोच गिअर त्याच्या जोडीच्या पोलादी गिअरसकट काढून, पुसून, तेल लावून ठेवला आहे.